सात व्होल्ट खाणारा

फार पूर्वी, गाड्या हॉर्न न वाजवताही बोलायच्या तेव्हा, एका गाडीत उदार बॅटरीबाई राहत. मागे भिंत आली की ओरडणाऱ्या सेन्सरसाठी त्या बारा व्होल्ट पाठवत. वाटेतला रेग्युलेटर पाचच पुढे सोडी.

"बाकीचे सात हाच खातो!" सेन्सर कुरकुरला.

"खातो ना. म्हणून तर अंग तापलंय माझं," रेग्युलेटर म्हणाला.

"वा, काय हा त्याग!" सेन्सरने टोमणा मारला.

दसऱ्याला गाडीला हार पडला. बॅटरीबाईंना वाटलं, सत्कार आपलाच. सणाचं म्हणून त्यांनी रेग्युलेटरला हटवलं. सेन्सरला पूर्ण बारा व्होल्ट मिळाले. तो आनंदाने चमकला आणि जळाला. गाडी मागे घेताना भिंतीवर आदळली, तरी तो गप्पच.

बॅटरीबाई हळहळल्या, "एवढं भरभरून दिलं, पण पोराला लाभलं नाही हो!"