ऊन खाल्लेला निळा

एका गावात एक निवृत्त मास्तर होते आणि त्यांच्याकडे त्यांच्याहून थोडीच तरुण अशी निळी मोटार होती. मास्तरांची बायको साठीत हौसेने मोटार शिकली आणि तिसऱ्याच दिवशी तिने ती फाटकाला घासली. दारावर हातभर ओरखडा उठला. बाईंनी किल्ली खुंटीला लावली, ती लावलीच. येताजाता ओरखडा दिसे आणि त्यांचा चेहरा उतरे.

मास्तरांनी रंगाऱ्याला बोलावलं. "ओरखडा दिसता कामा नये. हिने परत गाडी चालवायला हवी, एवढंच."

रंगारी नावाजलेला होता. आपल्यासारखी नजर पंचक्रोशीत नाही, असं तो स्वतःच सांगे. इतरांना ते कष्ट पडत नसत. त्याने डिकीतल्या सतरंजीखालचा मूळ रंग पाहिला, हुबेहूब तसाच मिसळला आणि दारावर मारला. पण मोटार उन्हात आणताच तो तुकडा असा उठून दिसला, की शेजारणी कुंपणाशी येऊन विचारू लागल्या, "अगंबाई, इथे काय झालं?"

मास्तर कासावीस झाले. रंगारी म्हणाला, "माझा रंग अस्सल आहे, मास्तर. चुकलीय ती तुमची मोटार! म्हणाल तर सगळीच रंगवून देतो."

बाई घराच्या दारातून म्हणाल्या, "तिने पन्नास वर्षं ऊन खाल्लंय, तिचं काय चुकलं? चुकले मी. आता अख्ख्या गावाला दिसेल."

रंगाऱ्याला वाईट वाटलं. बाईंना बरं वाटावं म्हणून आपल्याला बोलावलंय, हे तो विसरलाच होता. त्याने आपला अस्सल रंग खरवडून काढला. मग निळ्यात थोडा पांढरा, चिमूटभर पिवळा घालून पत्र्याच्या तुकड्यावर लावला आणि वाळू दिला. ओला रंग जुळे, वाळला की वेगळाच दिसे. चार दिवस तो उन्हात बसून पत्रे दाराला लावून पाहत होता. नववा पत्रा दारात मिसळून गेला, तेव्हा कुठे त्याने ब्रश उचलला.

शेजारणी पुन्हा आल्या आणि ओरखडा कुठल्या दारावर होता, यावरून भांडून गेल्या. बाईंनी दारावरून बोट फिरवलं. "कुठे होता हो?"

"मलाही आठवत नाही," मास्तर साफ खोटं बोलले.

बाईंनी खुंटीवरची किल्ली काढली. "फाटक उघडा. आणि दोन्ही बाजूंनी सताड उघडा हं!"

तात्पर्य: ठिगळ अस्सल असून भागत नाही, ते ज्याला लावायचं, त्याने किती ऊन सोसलंय ते आधी पाहावं.