उपडं डालगं

वस्तूंना तोंड होतं आणि ते मिटून बसणं त्यांना जमत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट.

एका घरात उंदरांनी कणगी, टोपली आणि रोवळी या तिघींची बुडं कुरतडली. त्यांना विणणारा म्हातारा वारला होता. त्याची लेक ठकी बांबूच्या कामट्या घेऊन बसली, पण बूड कसं मांडायचं तेच तिला उमगेना. "नाही जमलं तर चुलीत घालते," ती वैतागली.

तिघी हादरल्या, पण कुणाची वीण निराळी यावरचं त्यांचं नेहमीचं भांडण काही थांबेना.

"मी धान्याची, माझी वीण निराळी!" कणगी म्हणाली.

"मी भाकरीची, माझी निराळी!" टोपली ओरडली.

"मी तांदूळ धुणारी, मला यांच्यात धरूच नकोस!" रोवळी म्हणाली.

अंगणात कोंबड्या झाकणारं डालगं म्हणालं, "ठकूताई, माझं बूड बघ."

"उपड्याचं काय बघायचं?" तिघी फणकारल्या.

ठकी उठून गेली. उपडं असल्यामुळे डालग्याचं बूड वर होतं, उंदरांपासून शाबूत. तिघींच्या तुटक्या कामट्या तिनं त्याच्याशी ताडून पाहिल्या. सगळ्यांची मांडणी एकच होती.

दिवस मावळायच्या आत तिघी धड झाल्या आणि बुडं जमिनीला टेकवून बसल्या. आता कुणाचंच बूड दिसेना.

मग कणगी हळूच म्हणाली, "तरी माझी वीण निराळीच हं."