रिकामं उखळ

घरोघरी भात कांडायचे, तेव्हाची ही गोष्ट. गोदूबाईच्या ओसरीत दगडी उखळ जमिनीत पुरलेलं होतं आणि लाकडी मुसळ कोपऱ्यात ताठ उभं असायचं. त्याच्या टोकाला लोखंडी कडं होतं, त्याचा त्याला भारी तोरा.

एके दिवशी मुसळ म्हणालं, "जन्मभर माझा मार खातंस. आज मला मालक म्हण, नाहीतर फोडून टाकतो."

"नाही म्हणत," उखळ म्हणालं. "तू जेवढं मारतंस, तेवढंच मी तुला परत मारतो. मधे भात असतो, म्हणून तुला लागत नाही इतकंच."

"मग बिनभाताचंच बघू."

रिकाम्या उखळात मुसळ घालू नये, हे घरातल्या पोरीसोरींनाही ठाऊक असतं. पण हे ऐकतंय कुठलं. उंच उडालं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून आदळलं. कडं निखळून अंगणात गेलं, लाकूड कमरेपर्यंत चिरलं.

"मारलंस ना मला," मुसळ कण्हलं.

"तुझंच तुला दिलं. कणभरही जास्त नाही," उखळ म्हणालं. "जा, नवं कडं बसवून ये. मी इथंच आहे."