गुबीच्या गोळीतलं ऊन

एक होती गुबी. गुबी म्हणजे शेणकिडा. काळी काळी, एवढीशी, बोराच्या बीएवढी.

गुबीनं केली शेणाची गोळी. गोल गोल गोळी. शी नका म्हणू हं! गुबीच्या बाळाचा तो खाऊ. गोळीत अंडं ठेवायचं, गोळी मातीत पुरायची. अंड्यातून बाळ निघेल, गोळी खाईल, मोठं होईल.

गुबी निघाली गोळी ढकलत. गडगड गडगड. पण हे शेणकिडे चालतात उलटे! डोकं खाली, मागचे पाय वर. मग कुठं चाललोय ते दिसणार कसं?

गडगड गडगड... डुबुक!

गोळी पडली ओढ्यात. विरघळून गेली. गुबी बघतच राहिली. आता बाळ खाईल काय?

गुबी गेली गाईकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"गाईबाई, गाईबाई, शेण दे ना.
शेण नाही, माझी गोळी होत नाही.
गोळी नाही, तर बाळ खाईल काय?"

गाय म्हणाली, "हम्माऽऽ! माझंच पोट रिकामं. दावं एवढंसं, आणि इथलं गवत पिवळं. गवत हिरवं झालं, की खाईन. खाल्लं, की शेण देईन."

गुबी गेली गवताकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"गवता, गवता, हिरवं हो ना.
गवत नाही, गाय शेण देत नाही.
शेण नाही, माझी गोळी होत नाही.
गोळी नाही, तर बाळ खाईल काय?"

गवत अंधारात दबलेलं होतं. हळूच म्हणालं, "कसं होऊ? माझा खाऊ म्हणजे ऊन. किती दिवस झाले, ऊनच नाही. ऊन मिळालं, की हिरवं होईन."

आता सूर्याकडे कसं जायचं? गुबीनं पंख उघडले. घुंऽऽ घुंऽऽ घुंऽऽ. उंच उडाली.

"सूर्यदादा, सूर्यदादा, ऊन दे ना.
ऊन नाही, गवत हिरवं होत नाही.
गवत नाही, गाय शेण देत नाही.
शेण नाही, माझी गोळी होत नाही.
गोळी नाही, तर बाळ खाईल काय?"

सूर्य म्हणाला, "अगं, मी तर रोज देतो! मला कुणाकडून काही नको. पण खाली बघ. मध्ये ताडपत्री पसरलीय. ती उठली, की ऊन खाली येईल."

गुबीनं खाली पाहिलं. खरंच की! मोठी निळी ताडपत्री. तिच्यावर भुईमुगाच्या शेंगा वाळल्या होत्या. शेंगा कधीच पोत्यात गेल्या. ताडपत्री तिथंच राहिली.

घुंऽऽ घुंऽऽ, टप! गुबी ताडपत्रीवर उतरली.

"ताडपत्रीबाई, ताडपत्रीबाई, ऊठ ना.
ताडपत्री उठत नाही, ऊन खाली येत नाही.
ऊन नाही, गवत हिरवं होत नाही.
गवत नाही, गाय शेण देत नाही.
शेण नाही, माझी गोळी होत नाही.
गोळी नाही, तर बाळ खाईल काय?"

ताडपत्री म्हणाली, "फडफड! मला ना हात, ना पाय. वर चार दगड. गाईवाल्या यमुनाक्कानं हात लावला, की उठेन."

यमुनाक्का बसली होती दारात. गाल फुगवून. गुबी गेली तिच्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"यमुनाक्का, यमुनाक्का, हात लाव ना.
अक्का हात लावत नाही, ताडपत्री उठत नाही.
ताडपत्री उठत नाही, ऊन खाली येत नाही.
ऊन नाही, गवत हिरवं होत नाही.
गवत नाही, गाय शेण देत नाही.
शेण नाही, माझी गोळी होत नाही.
गोळी नाही, तर बाळ खाईल काय?"

अक्का म्हणाली, "मी नाही उठायची! चहाला दूध नाही. दूध मिळालं, की उठेन."

आता कुणाकडे जायचं? तिनं खूप विचार केला. मग विचारलं, "अक्का, दूध कोण देतं?"

"गाय."

"गाय काय खाते?"

"गवत."

"गवत काय खातं?"

"ऊन खातं. एवढंही कळत नाही?"

"मग ऊन कुठं अडलं?"

अक्कानं बोट दाखवलं. "ते काय, त्या ताडपत्री..." आणि बोट तसंच राहिलं.

"अगं बाई! ताडपत्री तर माझीच! काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

अक्का उठली. एक दगड. दोन दगड. तीन दगड. चार!

अक्कानं हात लावला, ताडपत्री उठली.
ताडपत्री उठली, ऊन खाली आलं.
ऊन मिळालं, गवत हिरवं झालं.

लगेच? छे! गवताला घाई नसते. एक दिवस गेला. दोन दिवस गेले. खूप दिवस गेले. अक्कानं कोरा चहा प्यायला, तोंड वाकडं केलं, आणि वाट पाहिली. गुबीनंही वाट पाहिली.

मग गवत हिरवं झालं, गाईनं खाल्लं. कचर कचर.
गाईनं खाल्लं, अक्काला दूध मिळालं. चुर्र चुर्र.
आणि गुबीला? पच्च! शेण मिळालं.

गवताला मिळालं खूप ऊन. गाईला त्यातलं थोडं. गुबीला त्याहून थोडं. त्याची झाली एकच गोळी. पण बाळाला ती पुरली.

बाळ मोठं झालं. मातीतून वर आलं. म्हणालं, "आई, माझी गोळी कुठून आली गं?"

गुबीनं वर दाखवलं. "तिथून."

"मग आपण त्याला काय द्यायचं?"

गुबी म्हणाली, "त्याला काही नको, बाळा. फक्त त्याच्या वाटेत काही विसरून यायचं नाही."