साठावी पिन

"म्हणजे फुंकर मारली की कॅसेट चालते, हे शुद्ध थोतांड आहे ना?"

उस्तादांनी मान वर केली नाही. समोर उघडून ठेवलेल्या टीव्ही गेमच्या पोटात त्यांची दोन बोटं होती.

"हो की नाही, तेवढंच सांगा."

"थोतांडच हाय."

"आणि फुंकरीने पिना खराब होतात?"

"होतात."

पद्मजा मगदूमचा चेहरा उजळला. तिने वहीतलं कोरं पान टर्रकन फाडलं आणि पेनासकट उस्तादांच्या पुढ्यात ठेवलं.

"मग एवढं लिहून द्या. खाली सही आणि तारीख."

"शिक्का पण मारू?"

"असला तर मारा."

"कुणाला दाखवायचंय?"

"अप्पांना."

उस्तादांनी बोटं बाहेर काढली, पंच्याला पुसली. कागदाकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं... आणि हरवू नयेत म्हणून दोन सुटे स्क्रू त्या कागदावर ठेवून दिले.

मिरजेत सतारी करणाऱ्यांच्या गल्लीच्या टोकाला हे दुकान. नाव दस्तगीर मुजावर, पण सगळे उस्तादच म्हणायचे. टीव्हीला जोडून खेळायचे ते जुने गेम आणि त्यांच्यात वरून खोचायच्या त्या जाड कॅसेटी... हा माल दुरुस्त करणारं माणूस आसपास दुसरं उरलं नव्हतं. संग्रह करणारी मंडळी पुण्याहून, हैदराबादहून खोकी पाठवायची. भिंतीवर एकच पाटी होती, उस्तादांच्याच अक्षरात : फुंकर मारू नये.

पद्मजा शेजारच्या जयसिंगपूरची. अप्पा म्हणजे तिचे वडील. इंजिनिअर झाली, नोकरीला लागली, नोकरी सोडली. लोकांच्या माळ्यांवर धूळ खात पडलेले जुने गेम हुडकायचे, चकाचक करायचे आणि संग्रह करणाऱ्यांना विकायचे, हा तिचा धंदा. त्यात तिचं नाव होतं आणि ते तिला चांगलंच माहीत होतं. हातमोजे घातल्याशिवाय ती कॅसेटीला हात लावत नसे.

उस्तादांकडे ती दुरुस्ती शिकायला यायची. सहा शनिवार झाले होते. सहाही शनिवार त्यांनी तिला एकच काम दिलं होतं. स्क्रू काढ, स्क्रू लाव.

"तीस वर्षांचा अनुभव असला म्हणजे माणूस बरोबरच असतो का हो?" ती म्हणाली. "तीस वर्षं एकच चूक पण करता येते की."

"येते. मी चाळीस वर्षं करतोय."

"मी अप्पांबद्दल बोलतेय."

"मला वाटलं, माझ्याबद्दल."

तिने वही फटकन मिटली.

"काय केलं अप्पांनी?" उस्तादांनी विचारलं.

तिने पिशवीतून एक कॅसेट काढून टेबलावर ठेवली. पिवळी पडलेली. मागच्या बाजूला निळ्या पेनाने एक ठसठशीत 'म' काढलेला.

पद्मजा जन्मली त्या वर्षी अप्पांनी जयसिंगपुरात व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं होतं. चार टीव्ही, चार बाकडी. पोरांना तासावर खेळायला द्यायचे. माल हरवू नये म्हणून प्रत्येक कॅसेटीवर मगदूमांचा 'म' असायचा. पुढे पोरांच्या हातात मोबाइल आले आणि दुकान मिटलं. सगळं गेलं, ही एक कॅसेट उरली. आणि नेमकी हीच दुर्मीळ निघाली.

"हैदराबादचं गिऱ्हाईक आलं होतं," पद्मजा म्हणाली. "स्वतः, घरी! मी वरच्या माझ्या खोलीत बसवलं. त्यांनी कॅसेट लावली, चालली नाही. मी म्हटलं, थांबा, साफ करून देते. तेवढ्यात अप्पा चहा घेऊन वर आले..."

"आणि?"

"ट्रे ठेवला. त्या माणसाच्या हातातून कॅसेट काढून घेतली. फूऽऽ करून दणदणीत फुंकर मारली आणि खटकन लावली. वर त्याला म्हणतात, 'आता बघा!'"

उस्ताद हसले. पोट हललं, आवाज आला नाही.

"हसू नका हो. तो माणूस दोन पावलं मागं सरकला. थुंकी, उस्ताद! चहाला हात न लावता निघून गेला."

"कॅसेट चालली?"

"प्रश्न तो नाहीये."

"चालली का पण?"

"...चालली."

"मग?"

पद्मजा टेबलावरच्या भिंगाशी चाळा करू लागली.

"मग मी बोलले."

"काय बोललीस?"

"तीस वर्षं थुंकी उडवून सगळा माल नासवलात, म्हटलं. कळत काही नाही... आणि हात लावायची हौस तेवढी दांडगी, म्हटलं."

"त्या माणसासमोर?"

"तो जिन्यात होता. ऐकलं असेल."

गल्लीत कुणीतरी तार जुळवत होतं. एकच स्वर, जरा वर, जरा खाली...

"अप्पा काय म्हणाले?"

"काही नाही. कॅसेट बाहेर काढली, शर्टाच्या टोकाला पुसली, टेबलावर ठेवली आणि खाली गेले. दीड महिना झाला, वर आले नाहीत. आधी दिवसातून दहादा यायचे. हे काय आणलंस, ते कुठं मिळालं, याचं बटण असं का... वैताग यायचा नुसता. आता खालूनच आईला सांगतात, 'तिला चहा नेऊन दे.'" तिने कॅसेटीकडे बोट दाखवलं. "आणि त्या दिवसापासून ही पण बंद."

"मग हा कागद दाखवून काय होईल?"

"त्यांना पटेल, की मी उगाच नाही बोलले."

"पटलं की वर येतील?"

तिने कॅसेट टेबलावर उगाच सरळ करून ठेवली.

"उघड ती," उस्ताद म्हणाले.

तिने हातमोजे चढवले. स्क्रू काढले, मागचं झाकण अलगद उचललं, आतली पट्टी बाहेर घेतली. उस्तादांनी भिंग तिच्याकडे सरकवलं.

"काय दिसतं?"

"दोन्ही बाजूंना तीस-तीस. साठ पिना. कडेला हिरवं... कळकल्यात."

"कशानं?"

"ओलाव्याने. फुंकरीच्या." तिच्या आवाजाला धार आली. "बघा ना, तुम्हीच बघा! हे सगळं अप्पांचं काम."

"सगळं?"

"दुसऱ्या कुणाचं असणार?"

"नीट बघ. कुठलं कुणाचं, सांग."

हा काय प्रश्न झाला! पद्मजा चिडून भिंगावर वाकली. तांबूस-सोनेरी पिना, त्यांच्यावर चढलेला हिरवा थर. कुठे पातळ, कुठे ठिपके, कुठे एकावर एक.

कुठलं कुणाचं...

दुकानात पोरांची मारामारी व्हायची ती खेळायच्या पाळीवरून नाही, फुंकरीवरून. 'अप्पा, मी मारतो! काल त्यानं मारली!' अप्पा वहीत नावं लिहून ठेवायचे, आज कुणाची पाळी ते. मगदूमांच्या गल्लीतली, चाळीतली, बाजारातली, झाडून सगळी पोरं. कुणी चिंचा खाऊन आलेलं, कुणी सर्दीने भरलेलं.

आणि पालथ्या खोक्यावर उभी केलेली ती स्वतः. पुढचे दोन दात पडलेले. अप्पा दोन्ही हातांनी कॅसेट तिच्या तोंडासमोर धरायचे.

'हं, पद्मी, मार. तुझ्याशिवाय ही कुणाचं ऐकत नाही बघ.'

दात नसल्यामुळे फुंकर सरळ जायचीच नाही. एका कोपऱ्याला जायची, सगळा पाऊस घेऊन. तोवर चारही बाकड्यांवरची पोरं श्वास रोखून बसलेली. अप्पा कॅसेट खोचायचे. पडदा रंगीत व्हायचा. आणि मग जो कल्ला उठायचा...

भिंगाखालचं हिरवं पाण्यात पडल्यासारखं हलू लागलं.

"तुमचं हे भिंग पुसायला झालंय," ती म्हणाली.

"भिंग स्वच्छ हाय."

...

"ओळखू आलं काही?" उस्तादांनी विचारलं.

"एक आलं," पद्मजा म्हणाली. "कोपऱ्यातलं."

उस्तादांनी स्पिरिटची बाटली, कापूस आणि खोडरबर तिच्यापुढे मांडलं.

"पूस."

"मी?"

"सहा शनिवार स्क्रूच फिरवायला लावतो म्हणून गल्लीभर माझी तक्रार करत फिरतीस. मघाशी तो सतारवाला सांगत होता. पूस आता."

"मी तक्रार नव्हते करत. मत मांडत होते."

"तेच ते."

ते तिच्या हातांकडे बघत राहिले. तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं, मग एकेक करून हातमोजे काढले आणि बाजूला ठेवले.

पहिली पिन. दुसरी. तिसरी. खोडरबर हलका, मग कापूस, मग कोरडा कापूस. घाई केली की सोनेरी मुलामा निघून येतो, हे तिने पुस्तकात वाचलं होतं. पण किती हलकं म्हणजे हलकं, ते बोटांना आज कळत होतं. कापसावर हिरवं उतरत होतं. दर वेळी ती तो बोळा फेकायच्या आधी क्षणभर हातात धरत होती... आपण असं का करतोय हे तिला सांगता आलं नसतं.

एक बाजू झाली. पट्टी उलटली. चाळीस. पन्नास.

उस्ताद आपलं काम करत होते. किंवा तसं दाखवत होते.

एकोणसाठ.

साठावी पिन अगदी टोकाची, कोपऱ्यातली. सगळ्यात हिरवी. तिने बोळा स्पिरिटमध्ये बुडवला, पिनेजवळ नेला... आणि हात हवेतच राहिला.

स्पिरिट उडून गेलं. बोळा कोरडा झाला.

"ही नको," ती म्हणाली.

"अडेल ती."

"माहीत आहे."

"कधी चालेल, कधी नुसता करडा पडदा."

"माहीत आहे हो, उस्ताद!"

"हैदराबादवाला घ्यायचा नाही असली."

"नको घेऊ दे."

उस्तादांनी मान हलवली. हो अशी नाही, नाही अशीही नाही.

तिने पट्टी आत बसवली, झाकण लावलं, स्क्रू फिरवले. प्रत्येक स्क्रू जिथे थांबायला हवा तिथे तिची बोटं आपोआप थांबली, ना सैल ना आवळून. उस्तादांनी ते पाहिलं, आणि पाहिलं हे दाखवलं नाही. मग त्या कोऱ्या पानावरचे दोन स्क्रू त्यांनी उचलले आणि पेनाचं टोपण काढलं.

"हां, सांग. काय लिहू? फुंकरीनं पिना खराब होतात. खाली सही, तारीख."

"राहू दे."

"खरं हाय की पण."

"खरं आहे. तरी राहू दे." तिने पान त्यांच्या हाताखालून ओढून घेतलं आणि कॅसेट त्यात गुंडाळली.

"शिक्का पण काढून ठेवलेला मी."

"उस्ताद!"

पिशवी खांद्याला लावून ती उंबऱ्यापर्यंत गेली. तिथे थांबली. सहा शनिवारांत तिने या माणसाला शंभर प्रश्न विचारले होते. त्या शंभरांचीही उत्तरं ती घरून घेऊन आली होती.

"घरी गेल्यावर लावली..." ती वळून म्हणाली, "आणि अडली, तर काय करायचं?"

उस्तादांनी भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा त्या उघड्या टीव्ही गेमच्या पोटात दोन बोटं घातली.

"जिन्यात जायचं," ते म्हणाले, "आणि हाक मारायची."