झोपाळ्यावरचे चेअरमन

कोयनेकाठच्या एका सोसायटीत खातूसाहेब चेअरमन होते आणि त्यांच्यापुढे ब्र काढायची कुणाची बिशाद नव्हती. इमारत चार मजली, खाली पार्किंगचे नुसते खांब. भूकंपात टिकायचं तर खांबांना लोखंडी तिरके आधार द्या, असं इंजिनिअर सांगून गेला. साहेब म्हणाले, इमारतीची शोभा जाईल. नकाराच्या कागदावर ते घरोघर सह्या घेऊ लागले.

इंदूताई घाग झोपाळ्याच्या एकाच बाजूला बसत. दुसरी बाजू मागच्या भूकंपात जुनं घर पडून गेलेल्या यजमानांची.

"तीस वर्षं ताठ उभी आहे इमारत," त्यांच्याकडे सही मागायला आलेले साहेब म्हणाले, "आमच्यासारखी!"

"मग या झोपाळ्यावर ताठ उभे राहून दाखवा. लगेच सही करते."

साहेब हसत चढले. इंदूताईंनी उठून हलकासा झोका दिला मात्र, साहेबांनी दोन्ही हातांनी कड्या गच्च पकडल्या.

"कड्या कशाला धरल्यात?"

"अहो, पडेन ना!"

"खांबांना हात नसतात, साहेब. तेवढेच द्या म्हणतोय तो इंजिनिअर."

साहेब उतरले. कागद त्यांनी स्वतःच फाडला.

हलता झोपाळा थांबवून इंदूताईंनी रिकाम्या बाजूवरून हात फिरवला. "आमच्या ह्यांना त्या दिवशी धरायला काही मिळालं नाही हो."