योनाचा टेकू

भोळा माणूस प्रत्येक गावात एक तरी असतो. डोंगरपिंप्रीत तो योना होता. वय तिशीच्या पुढं, अंगानं धट्टाकट्टा, आणि कुणी काही काम सांगितलं तर कधी नाही म्हणायचा नाही. सगळी पंचाईत इथंच होती.

गावात ख्रिस्ती मंडळींचं जुनं दगडी देऊळ होतं. घरं उरली होती बावीस. पाळकसाहेब तालुक्याहून महिन्यातून एकदा यायचे. एवढ्याशा माणसांसाठी देऊळ कशाला चालवायचं, ते बंद करून टाकावं, असं वरती ठरत आलं होतं. दिवाळीनंतर बिशपसाहेब स्वतः येऊन बघणार आणि निकाल वाचून दाखवणार होते.

रिबकाबाईचं लग्न याच देवळात लागलं होतं, आणि तिच्या नवऱ्याला शेवटचं नेलं तेही इथूनच. ती म्हणाली, बघतेच कसं बंद करतात ते. तिनं दर शनिवारी श्रमदान सुरू केलं. बायका झाडायच्या, पुरुष चुना मारायचे, म्हातारे बागेत गवत उपटायचे. म्हाताऱ्यांच्या गप्पा जास्त आणि गवत कमी. योना मात्र गप्पा मारायचा नाही. सांगितलेलं करायचा.

पहिल्या शनिवारी पायऱ्यांना सिमेंट केलं. रिबकाबाईनं योनाला सांगितलं, नवं काम आहे, आठ दिवस दोन्ही वेळ पाणी मार, नाहीतर तडा जाईल. योनानं आठ दिवस पाणी मारलं. पायऱ्या पक्क्या झाल्या. बाईनं चारचौघांत त्याची पाठ थोपटली. योनाला फार बरं वाटलं.

दुसऱ्या शनिवारी भजनासाठी नवी बाजाची पेटी आली. योनानं तिच्यावर तीन बादल्या पाणी मारलं. वाजवणाऱ्यानं भाता दाबला, तर सूर निघायच्या आधी पाणी निघालं.

"आरं योना, हे काय केलंस?"

"नवी व्हती मावशी. तडा गेला असता."

रिबकाबाईनं डोक्याला हात लावला. मग त्याला नीट समजावलं, की नव्या वस्तूला पाणी मारायचं नसतं. जाड कापडात घट्ट गुंडाळायचं आणि वारा लागू द्यायचा नाही. योनानं मान डोलावली.

तिसऱ्या शनिवारी गुलाबाची वीस नवी रोपं आली. बायकांनी ती वाटेच्या दोन्ही बाजूंना लावली आणि घरी गेल्या. आठ दिवसांनी येऊन बघतात, तर दुतर्फा वीस गाठोडी उभी. योनानं गावातली सगळी गोणपाटं गोळा केली होती. सोडून बघितलं तर आत नुसत्या काटक्या.

रिबकाबाईनं दहा आकडे मोजले. मग म्हणाली, झाडाला गुंडाळायचं नसतं बाबा. वाळलं असेल ते दोन वीत ठेवून छाटायचं, म्हणजे खालून नवं फुटतं. तिनं स्वतः छाटून दाखवलं. आणि खरंच, पंधरवड्यात लालसर कोंब आले. योना रोज येऊन ते बघायचा. त्याला ही युक्ती फारच आवडली.

अंगणात घंटेचा लाकडी खांब होता. जुना, वाळका. पुढच्या शनिवारी मंडळी आली तेव्हा घंटा गुलाबात पडली होती आणि योना दोन वीत उरलेल्या बुंध्यापाशी उकिडवा बसला होता.

"एक बी हिरवं पान नव्हतं मावशी," तो म्हणाला. "आता फुटंल."

त्या दिवशी रिबकाबाई पायरीवर बसून रडली. बिशपसाहेब यायला आठ दिवस राहिले होते. मंडळी म्हणाली, या सांगकाम्याला तोवर फाटकाच्या आत घेऊ नका. पण बाईला ते जमेना. शनिवार सोडून इतर दिवशीही देवळात येणारा तो एकटाच होता. डोळे पुसून ती म्हणाली, "जुनं झालं म्हणून कापून टाकायचं नसतं, योना. हलायला लागलं तर टेकू द्यायचा. बांधून ठेवायचं. हलायचं थांबत न्हाई तोवर सोडायचं न्हाई."

पुरुषांनी दुसरा एक जुना खांब उभा केला, त्याला बांबूचा टेकू दिला, काथ्याची दोरी आवळली. योनानं सगळं नीट बघून ठेवलं.

पुढच्या रविवारी बिशपसाहेब आले. पंच्याहत्तरी उलटलेली, उभे राहिले की जरा डुलायचे. निकालाचा कागद झग्याच्या खिशात. आधी त्यांनी प्रार्थना सुरू केली. सगळ्यांनी माना खाली घालून डोळे मिटले. योनाला वस्तूंवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं, म्हणून त्याचे उघडे होते. त्याला साहेब हलताना दिसले.

तो बांबू आणि दोरी घेऊन आला. बिशपसाहेबांना वाटलं, कुणीतरी शाल पांघरवतंय. सत्काराची त्यांना सवय होती. त्यांनी प्रार्थना आणखी लांबवली.

आमेन झालं. मंडळींनी डोळे उघडले. बिशपसाहेब खांद्यापासून गुडघ्यापर्यंत वेदीजवळच्या खांबाला बांधलेले, आणि पाठीला टेकू. कागद काढायला गेले, तर हात हलेना. कुणीतरी विळा घेऊन धावलं. योना आडवा आला.

"कापायचं न्हाई," तो म्हणाला. "जुनं झालं म्हणून कापून टाकायचं नसतं."

बिशपसाहेबांनी योनाकडे बघितलं, मग पांढऱ्या भिंतींकडे, मग दारातून दिसणाऱ्या गुलाबांकडे. हे तुला कुणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. योनानं रिबकाबाईकडे बोट दाखवलं. बाईला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"बाई, माझ्या खिशात एक कागद आहे," बिशपसाहेब म्हणाले. "तो आज काही निघत नाही. तसाच परत नेतो. देऊळ राहू द्या तुमचं."

रिबकाबाईनं पदर तोंडाला लावला. म्हातारे एकमेकांना मिठ्या मारू लागले. आणि बिशपसाहेबांना इतका वेळ दाबून धरलेलं हसू फुटलं. पोट हललं, खांदे हलले, बांबूसुद्धा गदगदा हलायला लागला.

"योना, सोड आता साहेबांना," रिबकाबाई म्हणाली.

योनानं साहेबांना खालपासून वरपर्यंत निरखून बघितलं.

"कसं सोडू मावशी? लई हलत्यात," तो म्हणाला, आणि त्यानं आणखी एक गाठ आवळून मारली.